स्कूटरचा विमा : हप्ता आणि हिशेब

वांद्र्याहून शहराकडे जाणाऱ्या माणसापुढें दोन वाटा असतात. एक २००९ सालीं खुला झालेला समुद्रावरील सेतु, आणि दुसरी माहीमच्या खाडीवरची जुनी, गर्दीची वाट. मोटारीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. दुचाकीला सेतूवर मज्जाव आहे. त्यामुळें वांद्र्याच्या स्कूटरवाल्याचा शहराकडील प्रवास बसगाड्या, टेंपो आणि टॅक्सी यांच्या दाटींतूनच व्हावयाचा. पुढें जेवणाचा डबा, मागच्या बैठकीवर पत्नी किंवा मुलगी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोक्यावर पाऊस, अशा थाटांत हें लहानसें वाहन मध्यमवर्गीय संसाराचा भार वाहत असतें. अशा वाहनाच्या विम्याचा प्रश्न हा केवळ पैशांचा नसून साऱ्या घराचा आहे, हें सांगावयास नको.

तरीहि नूतनीकरणाची सूचना आली कीं घरांत प्रथम चर्चा होते ती पैशांचीच. वांद्रें पूर्वेच्या एखाद्या वसाहतींत राहणारा नोकरदार गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. त्याची स्कूटर ११० सी. सी. ची, ती घेऊन पांच वर्षें होत आलीं. मधलीं चार वर्षें तो दरसाल तीन-चारशें रुपये भरून मोकळा होत असे. पांचव्या वर्षाच्या शेवटीं जी सूचना आली तींत मात्र आंकडा एकदम हजाराच्या पुढें गेलेला! स्कूटर जुनी झाली, तिची किंमत उतरली, आणि हप्ता चढला. गृहस्थाला वाटतें, कंपनीनें उघड लूट मांडली आहे. शेजारी सल्ला देतो, “कशाला एवढे भरतां? नुसता थर्ड पार्टी घ्या. पोलिसाला दाखवायला कागद असला म्हणजे झालें.” गृहस्थाला तें पटतें. हा सल्ला किती महाग पडूं शकतो, आणि हप्ता खरोखर कमी करावयाचा झाल्यास तो कोठें कमी करावा व कोठें करूं नये, हें पाहणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम विम्याची सक्ती आली कोठून, तें पाहूं. ती कंपन्यांची कल्पना नव्हे. ती कायद्याची आहे, आणि तिच्यामागें एक साधा न्याय आहे. रस्त्यानें जाणाऱ्या पादचाऱ्याला वाहनानें ठोकरलें, तर त्याची भरपाई मालकानें द्यावी हें उघड आहे. परंतु मालकाजवळ द्यावयास पैसेच नसतील तर न्यायालयाचा हुकूम कागदावर राहतो, आणि जखमी मनुष्य रिकाम्या हातीं घरीं जातो. म्हणून इंग्लंडनें १९३० च्या कायद्यानें वाहनमालकावर विम्याची सक्ती केली. हिंदुस्थानांत १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. आज चालू असलेला कायदा १९८८ चा आहे. त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणें बिनविम्याचें वाहन सार्वजनिक जागीं आणण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्यास दोन हजार व पुढील गुन्ह्यास चार हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. पण दंड ही त्यामानानें किरकोळ बाब होय. बिनविम्याच्या स्कूटरखालीं सांपडून एखाद्या घरचा कर्ता मनुष्य गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी लाखांची भरपाई ठरवील, ती मालकाच्या मिळकतींतून वसूल होऊं शकते. तेव्हां कागद पोलिसाला दाखवावयाचा नसून संकटांत स्वतःला वांचवावयाचा आहे, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत धरावी.

आतां त्या सूचनेकडे वळूं. पुष्कळ माणसें तिच्या तळाचा एकच आंकडा वाचतात आणि वरच्या ओळी सोडून देतात. वाण्याच्या यादींत तेल किती, डाळ किती, हें जी गृहिणी बारकाईनें पाहते, तिच्याच घरीं विम्याची यादी न वाचतां पैसे भरले जातात. वस्तुतः ह्या यादींत तीन अगदीं निराळ्या वस्तूंच्या किंमती मांडलेल्या असतात. पहिली, दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी. हिलाच लोक थर्ड पार्टी म्हणतात. दुसरी, आपल्या स्वतःच्या वाहनाचें नुकसान व चोरी. आणि तिसरी, मालकाचा स्वतःचा अपघात. ह्या तिघींच्या बेरजेवर १८ टक्के वस्तु व सेवा कर चढतो. तीन वस्तूंपैकीं एकीचा भाव सरकार ठरवितें, दुसरीच्या भावांत घासाघीस चालते, आणि तिसरी कदाचित् घरांत आधींच आणलेली असते. हा भेद ज्याला कळला त्याचें अर्धें काम झालें.

पहिली वस्तु घेऊं. थर्ड पार्टीचा दर कोणतीहि कंपनी आपल्या मर्जीनें कमी-अधिक करूं शकत नाहीं. पूर्वीं तो विमा नियामक व विकास प्राधिकरण ठरवीत असे. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले ते केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें प्राधिकरणाच्या विचारानें जाहीर केले. ७५ ते १५० सी. सी. पर्यंतच्या दुचाकीचा, म्हणजे घरोघरच्या साध्या स्कूटरचा, वार्षिक दर २०१५-१६ सालीं ५३८ रुपये होता. २०१६-१७ सालीं तो ६१९ झाला, २०१७-१८ सालीं ७२०, आणि २०१९ सालीं ७५२. २०२२ च्या जाहीरनाम्यानें तो ७१४ वर आला. म्हणजे एकवार कां होईना, तो ३८ रुपयांनीं उतरला. त्याच जाहीरनाम्यांत १५० ते ३५० सी. सी. च्या दुचाकीला १,३६६ रुपये, त्याहून मोठीला २,८०४ रुपये आणि ७५ सी. सी. च्या आंतील वाहनाला ५३८ रुपये दर आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला सवलत देऊन तीन किलोवॅटपर्यंत ४५७ आणि तीन ते सात किलोवॅटपर्यंत ६०७ रुपये ठरविले. हे दर सरकार नव्या जाहीरनाम्यानें केव्हांहि बदलूं शकतें; म्हणून नूतनीकरणापूर्वीं चालू दर पाहून घ्यावा. परंतु तो कांहींहि असला तरी मुंबईंत, नागपुरांत आणि कणकवलींत एकच असतो, आणि दहा कंपन्यांच्या दारीं हिंडलें तरी तोच राहतो. एखादा एजंट ह्या ओळींत सूट देऊं लागला, तर तेथें आनंद मानण्याऐवजीं संशय घ्यावा.

मग गृहस्थाचा हप्ता एकदम चढला तो कशानें? त्याचें उत्तर २०१८ सालांत सांपडतें. रस्त्यावरील असंख्य वाहनें, विशेषतः दुचाक्या, पहिल्या वर्षानंतर विम्याशिवायच फिरतात असें रस्ता-सुरक्षेच्या समितीनें सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणलें. न्यायालयानें २० जुलै २०१८ रोजीं हुकूम दिला कीं, १ सप्टेंबर २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीचा पांच वर्षांचा एकदम उतरविला जावा. तेव्हांपासून स्कूटर घेतांना पांच वर्षांची ही रक्कम दुकानांतच भरली जाते. २०२२ च्या दरानें साध्या स्कूटरला ती ३,८५१ रुपये होते. एवढ्या मोठ्या खरेदींत ती रक्कम कोणाच्या लक्षांतहि राहत नाहीं. पुढें चार वर्षें गृहस्थ भरीत होता तो केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता. पांच वर्षें संपलीं, थर्ड पार्टीची शिदोरी सरली, आणि ती ओळ यादींत पुन्हां अवतरली. कंपनीनें भाव वाढविला नाहीं असें नव्हे. कांहीं वेळां तोहि वाढतो. पण ह्या उडीचा मोठा भाग लुटीचा नसून विसरलेल्या जुन्या हिशेबाचा आहे.

दुसरी वस्तु म्हणजे आपल्या वाहनाचें नुकसान. येथें मात्र बाजार मोकळा आहे. १९७३ च्या आरंभापासून सर्वसाधारण विम्याचा सारा धंदा सरकारी झाला, तेव्हां १०७ विमा संस्था एकत्र करून चार कंपन्या केल्या. त्यांपैकीं एक न्यू इंडिया. ती सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ सालीं मुंबईंतच स्थापन केली होती. २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हां दार उघडलें. पण भावाचें कोष्टक सर्वांना एकच होतें. तें बंधन १ जानेवारी २००७ पासून सुटलें. तेव्हांपासून ह्या ओळींत प्रत्येक कंपनी आपापल्या अनुभवाप्रमाणें सूट देते, आणि त्याच स्कूटरला दोन कंपन्यांचे भाव निराळे येतात. जुनें कोष्टक अजून मोजणीचा पाया म्हणून उपयोगी पडतें. त्यांत मुंबई ही पुणें, दिल्ली, चेन्नई इत्यादि आठ शहरांच्या ‘अ’ विभागांत मोडते. परंतु १५० सी. सी. पर्यंतच्या व पांच वर्षांच्या आंतील दुचाकीला येथें शेंकडा १.७०८ आणि इतरत्र १.६७६ असा जो फरक आहे, तो चाळीस हजारांच्या स्कूटरमागें अवघा तेरा रुपयांचा भरतो. तेव्हां मुंबईचा पत्ता टाळून गांवच्या पत्त्यावर विमा उतरविण्याची जी युक्ति कोणी कोणी सांगतात, तींत अर्थ नाहीं. उलट दाव्याच्या वेळीं खोट्या माहितीचा ठपका येतो.

आतां प्रत्यक्ष आंकडे मांडूं. गृहस्थाच्या स्कूटरची विम्यापुरती किंमत ३५,००० रुपये धरली आहे असें समजूं. वाहन पांच वर्षांहून जुनें झाल्यावर कोष्टकाचा दर शेंकडा १.७९३, म्हणजे सुमारें ६२८ रुपये. कंपनीनें त्यावर निम्मी सूट दिली असें धरलें तर राहिले ३१४. पांच वर्षें एकहि दावा केला नाहीं, म्हणून नो क्लेम बोनस ५० टक्के, राहिले १५७. थर्ड पार्टीचे ७१४ मिळवून ८७१, आणि त्यावर कर धरून सुमारें १,०२८ रुपये. शेजाऱ्याच्या सल्ल्याप्रमाणें नुसता थर्ड पार्टी घेतला असतां करासह ८४३ रुपये पडतात. म्हणजे त्या सल्ल्यानें वांचले किती? १८५ रुपये. वर्षाचे १८५, महिन्याचे सोळा रुपयेहि नव्हेत.

ह्या १८५ रुपयांबरोबर जातें काय, तें पाहिलें पाहिजे. चोरीचें संरक्षण जातें, आगीचें जातें, पुराचें जातें. परंतु सर्वांत मोठी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. मागच्या बैठकीवर बसलेलें माणूस हें कायद्याच्या भाषेंत ‘तिसरा पक्ष’ असेलच असें नाहीं. २००६ सालच्या एका निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यांत दुचाकीच्या मागें बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाहीं. उलट सर्वसमावेशक पॉलिसींत, जिला व्यवहारांत पॅकेज किंवा फुल इन्शुअरन्स म्हणतात, ती येते; प्राधिकरणानें १६ नोव्हेंबर २००९ रोजीं तसें सर्व कंपन्यांना स्पष्ट कळविलें, आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच धोरणावर शिक्कामोर्तब केलें. समोरच्या वाहनाचा दोष असेल तर त्याची कंपनी भरपाई देते, हें खरें. पण पावसांत चाक घसरलें, खड्डा चुकवितांना तोल गेला, आणि दोष आपल्याच स्कूटरचा ठरला, तर मागें बसलेल्या पत्नीच्या भरपाईसाठीं आपल्याच पॉलिसीकडे पाहावें लागतें. ती नुसती थर्ड पार्टीची असेल, तर तेथें कांहीं मिळण्याचा भरंवसा नाहीं. जें माणूस रोज मागच्या बैठकीवर विश्वासानें बसतें, त्याच्या डोक्यावरचें छत्र १८५ रुपयांसाठीं काढून घ्यावयाचें काय, हा प्रश्न गृहस्थानें शेजाऱ्याला विचारावयाचा नाहीं. स्वतःला विचारावयाचा आहे.

तिसरी वस्तु मालकाच्या अपघाताची. पूर्वीं दुचाकीवाल्याला हें संरक्षण एक लाखाचें असे आणि त्याला पन्नास रुपये पडत. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निर्णयानंतर प्राधिकरणानें सप्टेंबर २०१८ मध्यें ही रक्कम पंधरा लाख केली व हप्ता आरंभीं वर्षाला ७५० रुपये ठरविला. स्कूटरच्या विम्याला जी महागाई आल्यासारखी वाटली, तींत ह्या ओळीचा वांटा मोठा होता. परंतु येथेंच खरी व निर्दोष काटकसर आहे. १ जानेवारी २०१९ पासून ही ओळ वाहनाच्या पॉलिसीपासून वेगळी घेतां येते. एकाच मालकाच्या नांवावर स्कूटर व मोटार अशीं दोन वाहनें असतील तर हें संरक्षण एकदांच घेतलें म्हणजे पुरतें. आणि मृत्यु व कायमचें अपंगत्व यांसाठीं किमान पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधींच असेल तर येथें पुन्हां पैसे भरण्याची गरज नाहीं. तसें लेखी कळविलें कीं ओळ गळते. असें असतांहि कित्येक घरीं मोटारीवर एकदां आणि स्कूटरवर एकदां, अशी एकाच वस्तूची दुहेरी खरेदी वर्षानुवर्षें चालू असते.

मात्र ह्या ओळींत एक खांचखळगा आहे. हें संरक्षण नोंदणीपत्रावरील मालकाला, तो स्वतः वाहन चालवीत असतांना, व त्याच्याजवळ चालू परवाना असेल तरच मिळतें. आपल्याकडे स्कूटर वडिलांच्या नांवावर आणि चालविणारा मुलगा, अशी घरोघरची रीत आहे. अशा घरीं वडिलांच्या नांवें भरलेला हप्ता मुलाच्या उपयोगीं पडत नाहीं. म्हणून स्कूटर जो रोज चालवितो त्याच्या नांवानें स्वतंत्र अपघात विमा घ्यावा, किंवा स्कूटरच त्याच्या नांवावर करावी, हें शहाणपणाचें. आणि परवाना नसलेल्या मुलाच्या हातीं किल्ली देणें हें तर सर्वांत महाग. कारण तशा अपघातांत कंपनी जखमीला पैसे देऊन तेच पुढें मालकाकडून वसूल करूं शकते.

आतां दुसऱ्या वस्तूंतील बारीक काटकसरी. त्यांत मुख्य नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा केला नाहीं तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पांचव्या वर्षीं ५० टक्के अशी त्याची पायरी आहे. तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या ओळीवर मिळतो, थर्ड पार्टीवर नव्हे. तो वाहनाचा नसून माणसाचा असतो; जुनी स्कूटर विकून नवी घेतली तर कंपनीकडून दाखला घेऊन तो नव्या स्कूटरवर नेतां येतो. कंपनी बदलली तरी तो जात नाहीं. जातो तो दोन कारणांनीं : दावा केल्यानें, आणि मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यानें. वर मांडलेल्याच उदाहरणांत ५० टक्क्यांवरून शून्यावर आल्यास पुन्हां वर चढेपर्यंत करासह सुमारें ४६३ रुपये अधिक भरावे लागतात. शिवाय प्लॅस्टिक व रबरी भागांच्या किंमतींतून घसाऱ्यापोटीं निम्मी रक्कम कापली जाते, आणि आजच्या स्कूटरचें बहुतेक अंग प्लॅस्टिकचें असतें. तेव्हां आरसा फुटला, बाजूचा पत्रा चेपला, एवढ्यासाठीं दावा करूं नये. विमा हा ओरखड्यांसाठीं नसून संकटांसाठीं आहे.

दुसरा मोह विम्यापुरती किंमत कमी लिहिण्याचा. नव्या वाहनाला सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षांत १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पांच वर्षांत ५० टक्के घट, अशी ही किंमत उतरत जाते. पांच वर्षांनंतर ती मालक व कंपनी यांच्या विचारानें ठरते. कांहीं ठिकाणीं स्वस्त भाव दिसतो तो केवळ ही किंमत खालीं दाबल्यामुळें. किंमत दहा हजारांनीं उतरविली तर वरच्या उदाहरणांत हप्ता करासह त्रेपन्न रुपयांनीं कमी होतो. पण स्कूटर चोरीस गेली तर हातीं येणारी रक्कम दहा हजारांनीं कमी होते. दोन कंपन्यांचे भाव ताडून पाहतांना ही किंमत दोहींकडे सारखी धरली आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. नाहींतर ताडणीलाच अर्थ राहत नाहीं.

तिसरा मोह नुकसानीचा कांहीं भाग स्वतः सोसण्याच्या कराराचा. जुन्या कोष्टकांत पांचशें रुपये स्वतः सोसावयाचे कबूल केले तर जास्तींत जास्त पन्नास रुपये, आणि तीन हजार सोसावयाचे कबूल केले तर जास्तींत जास्त अडीचशें रुपये सूट आहे. लहान स्कूटरला प्रत्यक्षांत तेवढीहि मिळत नाहीं. मान्यताप्राप्त मोटार संघाच्या सभासदाला दुचाकीवर पन्नास रुपयांपर्यंत सवलत आहे; मुंबईंत असा संघ १९१९ पासून आहे, तो चर्चगेटचा वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. जो आधींच सभासद असेल त्यानें ही सवलत मागावी. पन्नास रुपयांसाठीं कोणी सभासद होऊं नये.

जोड-संरक्षणांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण हप्ता न कळत फुगतो तो येथें. घसारा न कापण्याची जोड, वाटेंत मदतीची जोड, किल्ली हरवल्याची जोड, अशा ओळी गेल्या वर्षीं होत्या म्हणून यंदाहि आपोआप येतात. नव्या स्कूटरला घसाऱ्याची जोड उपयोगी असते. पांच-सहा वर्षांच्या स्कूटरला तिचा भाव व उपयोग ताडून पाहावा. २०२२ च्या जुलैंत प्राधिकरणानें जितकें वाहन चालेल त्या मानानें हप्ता घेण्याची व एकाच मालकाच्या अनेक वाहनांना मिळून संरक्षण देण्याची मुभा कंपन्यांना दिली. ज्यांची स्कूटर केवळ बाजारहाटापुरती निघते त्यांनीं त्याची चौकशी करावी.

वांद्रेंकराला मात्र पावसाचा विचार सोडून चालणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मिठी नदीच्या कांठचा वांद्र्याचा पूर्व भाग पाण्याखालीं गेला. पुरानें झालेलें नुकसान पॅकेज पॉलिसींत धरलेलें असतें, थर्ड पार्टींत नाहीं. पण पाण्यांत बुडालेली स्कूटर घाईनें सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनांत पाणी खेंचलें जातें, आणि ते नुकसान पुराचें नसून चालविणाऱ्याच्या कृतीचें आहे असें म्हणून कंपनी दावा नाकारूं शकते. तशा वेळीं बटण न दाबतां वाहन ढकलीत दुरुस्तीच्या ठिकाणीं न्यावें, व कंपनीला त्याच दिवशीं कळवावें. ह्या सावधगिरीला हप्ता पडत नाहीं.

आतां खरेदीचा मार्ग. मुदत संपण्यापूर्वीं पंधरा दिवस तरी तीन-चार कंपन्यांचे भाव मागवावे. त्यांत एखादी सरकारी कंपनी असावी. चालू पॉलिसी, नोंदणीपत्र आणि बोनसची पायरी समोर ठेवून तींच तीं माहिती सर्वांना द्यावी. एजंट चांगला असेल तर त्याचें मोल दाव्याच्या दिवशीं कळतें. शंभर रुपयांसाठीं ओळखीचा, धांवून येणारा एजंट सोडतांना विचार करावा. पण पैसे एजंटाच्या खासगी खात्यांत न भरतां कंपनीच्याच नांवें भरावे. बाजारांत खोट्या पॉलिस्याहि विकल्या गेल्या आहेत; म्हणून कंपनीचें नांव प्राधिकरणाच्या यादींत आहे कीं नाहीं, कागदावरील क्यूआर खूण तपासतां येते कीं नाहीं, आणि कांहीं दिवसांत सरकारच्या ‘वाहन’ नोंदींत आपला विमा दिसूं लागला कीं नाहीं, हें पाहावें. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणें हप्ता हातीं पडल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाहीं. मुदत मध्यरात्रीं संपते. सकाळीं भरूं, असें म्हणून झोंपलेला मनुष्य पहांटे दूध आणावयास निघतो तो बिनविम्याचा. शिवाय मुदत उलटल्यावर पॅकेज पॉलिसी घ्यावयाची तर कंपनी बहुधा वाहनाची तपासणी मागते.

जुनी स्कूटर विकत घेणाऱ्यानेंहि सावध राहावें. थर्ड पार्टीची बाजू कायद्यानें नव्या मालकाकडे आपोआप जाते. पण वाहनाच्या नुकसानीची बाजू पॉलिसीवर नांव चढल्याशिवाय त्याच्या उपयोगीं पडत नाहीं. यास्तव नोंदणीबरोबरच चौदा दिवसांच्या आंत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नांवावर करून घ्यावी.

इतकें करूनहि दावा अन्यायानें नाकारला गेला तर निमूट बसूं नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं किंवा तें समाधानकारक नसलें, तर वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. मुंबईच्या लोकपालाची कचेरी सांताक्रूझ पश्चिमेस, स्वामी विवेकानंद मार्गावरील जीवन सेवा इमारतीच्या जोडभागांत आहे; वांद्र्याहून ती दोनच स्थानकें पुढें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. इतक्या जवळचें हें दार पुष्कळांना ठाऊक नसतें, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

एवंच, आपल्या गृहस्थानें काय करावें? थर्ड पार्टीची ओळ मुकाट्यानें भरावी, कारण ती सरकारची आहे. अपघाताच्या ओळीचा घरांतील इतर पॉलिस्यांशीं मेळ घालावा. दुहेरी असेल तर गाळावी, आणि मुलगा उघडा पडत असेल तर त्याची सोय करावी. जोड-संरक्षणें एकेक करून तपासावीं. बोनस जपावा, मुदत चुकवूं नये. एवढें केल्यावर हप्ता जितका उतरेल तितका खुशाल उतरूं द्यावा. परंतु मागच्या बैठकीचें संरक्षण काढून तो उतरवूं नये. हप्ता थोडा असणें आणि विमा स्वस्त असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. संकटाच्या दिवशीं जो उपयोगीं पडत नाहीं तो विमा, त्यासाठीं कितीहि कमी पैसे पडले असले तरी, महागच म्हटला पाहिजे.